आधी घर, मग बंदर

पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी
शीतगृहाच्या तिसऱ्या व्हॉल्व्हनं तोंड उघडलं,
आणि दोन एकोणीसला रुकय्या सोलकरच्या मोबाईलनं.
चौतीस सेकंद.
पिवळ्या दिव्याखाली पांढरा धूर,
गमबुटातल्या बायका, ओढण्या नाकाशी,
कोळंबीचे ट्रे उलटे,
आणि कॅमेऱ्यामागे तिचाच खोकला.
खरं तर तो व्हिडिओ नाहीच, तो खोकलाच आहे,
चित्र नुसतं त्याच्यानं हलतं.

मला फोन आला दोन चाळीसला.
"भाटकर, चार ओळी लिही. कुणाला घाबरवू नकोस."
घाबरलेला माणूस नेहमी हेच सांगतो.

मी लिहिलं: गळती.
ती मिरजोळ्याहून मुंबईला गेली, तिथून कोचीला,
परत आली तेव्हा तिचा वास झाला होता.
सात जणी होत्या, त्या काही कर्मचारी झाल्या.
आणि शेवटी एक वाक्य आपोआप उगवलं,
कुणी लिहिलं ते कुणालाच आठवेना:
परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे.

तीन पंचवीसला आम्ही ते टाकलं.
तीन एकतीसला कुणीतरी
आमचं वाक्य वर, रुकय्याचा खोकला खाली,
असं एकाखाली एक लावलं.
बस्स. त्यानं दुसरं काही केलं नाही.
करायची गरजही नव्हती.

उजाडायच्या आत ते कुवेतला पोचलं,
जिथे तिचा मोठा भाऊ क्रेन चालवतो.
त्याला बहिणीची बातमी मिळाली
ती एका अनोळखी माणसाच्या
हसून रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यासकट.

मग दुसरा फोन:
"तिला ते काढायला सांग. तुमच्या मिरकरवाड्याचीच आहे ना?"

माझे बाबा मच्छिमार सोसायटीचे चिटणीस.
वादळात होडी परतली नाही की निरोप न्यायचं काम त्यांच्याकडे.
छत्री न उघडता जायचे.
घरात शिरल्यावर बसायचं नाही,
कुणी दिलं तरी पाणी घ्यायचं नाही,
आधी सांगायचं.
माहीत असेल तेवढंच,
आणि नसेल तिथे ‘माहीत नाही’,
तेही तोंडानं, मान हलवून नाही.
आधी घर, मग बंदर.
एकदा बंदरानं त्यांना गाठलं, सगळे विचारत राहिले,
बाबा चालत राहिले. शिव्या खाल्ल्या त्या दिवशी.

मी याच विषयाची पदवी घेतली आहे.
पुण्याला, दोन वर्षं.
हप्ते बाबांनी भरले.

सिव्हिलच्या बायकांच्या वॉर्डात रुकय्या झोपली होती,
मास्कवर धुकं यायचं, जायचं.
तिच्या अम्मीनं स्टूल पुढे सरकवलं.
मी बसले नाही.
काय सांगायला पाठवलंय ते सांगायला तोंड उघडलं
आणि आमचंच निवेदन वाचून दाखवलं. का, कोण जाणे.

"वास?" ती म्हणाली.
"वास म्हावऱ्याला येतो गो. ही गुदमरली."
मग बोटं मोजत: "आणि सात कुठल्या?
सुगंधा पानगले पळताना पडली, तशीच घरी गेली.
तिला कोणी मोजायची?"

मी उभ्या उभ्या लिहिलं.
गळती. आठ जणी.
त्या व्हॉल्व्हला गणपतीपासून लाल चिठ्ठी बांधलेली होती
आणि ती आम्ही रोज पाहत होतो.
गुदमरल्या हा शब्द अम्मीचा, तसाच ठेवला.
पुढे काय होणार, हे माहीत नाही, हेही.
मुंबईला पाठवलं नाही. कोचीला पाठवलं नाही.
पासवर्ड माझ्याकडे होता.

अंगठा टेकवणार,
तेवढ्यात अम्मीचा फोन वाजला. कुवेत.
तिनं तो कानाला न लावता
माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

माझ्या दुसऱ्या हातात
साहेबांचं नाव थरथरत होतं, थांबत होतं, परत थरथरत होतं.
मी हॅलो म्हणाले.
मग जेवढं माहीत होतं तेवढं.